आतून लावायची कडी

हार्डवेअरच्या दुकानात माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या हातात दाराची कडी होती.

"ताई, नोटा कसल्या शोधतेस? कार्ड आहे ना तुझ्याकडे?"

"असू दे."

"अगं, रोजच्या खर्चाला कार्डासारखी सोय नाही. पैसे नंतर भरायचे, वर पॉइंट. माझा मिक्सर पॉइंटवरच आला."

"तुझं कार्ड तुझं आहे. माझं ह्यांच्या खात्यावरचं. साधी भाजी घेतली तरी मेसेज ह्यांना जातो."

"मग? भावजी भाजीला नको म्हणतात?"

"नको नाही म्हणत. फोन करतात. तिथे का गेलीस, सोबत कोण आहे."

"काळजी असते गं. आणि कडी त्यांनाच आणायला सांगायचीस की."

"मागच्या खोलीला बसवायचीय. आतून."

"तिथे तर तू आणि पिल्लूच झोपता."

"हळू बोल. पर्स धर, स्क्रू राहिले."

थोरली आत गेली. धाकटीने पर्समधून कार्ड काढून मशीनला लावलं.

"झालं गं ताई! स्क्रूसकट पैसे दिले, तुझ्याच कार्डाने. उगीच घाबरतेस."

"अगं, दुकानाचं नाव जातं त्यात! दादा, हे रद्द करा ना."

"करतो की. पण मॅडम, रद्द केल्याचाही मेसेज जातो."

पर्समध्ये फोन वाजायला लागला.

"ताई, भावजी आहेत. काय सांगू?"

"काही सांगू नकोस. पिल्लूला शाळेतून तुझ्याकडे ने. आज घरी आणू नकोस."