मापाचा फ्रॉक

सून : आई, हा फ्रॉक कुणी दिला?

सासू : तू प्रचाराला गेली होतीस ना, तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. नवं कापड दिलं, वर हा दिला. म्हणाला, याच मापाचा शिवून ठेवा. म्हटलं, चला, निवडणुकीच्या नादात सूनबाईंनी दुकान वाऱ्यावर सोडलंय, निदान एक तरी काम आलं.

सून : माप सांगितलं नाही त्याने?

सासू : मापाचा कपडा दिल्यावर कशाला सांगेल? सगळे असंच तर आणतात. का गं? चेहरा का उतरला तुझा?

सून : काखेतली शिवण बघा.

सासू : मला जवळचं कुठे दिसतंय!

सून : मग बोट फिरवा. कापड कमी पडलं म्हणून मीच तिथे तुकडा जोडला होता. आई, हा आपल्या छकुलीचा आहे. परवा मागच्या दोरीवर वाळत घातला होता. मला वाटलं, वाऱ्याने उडाला.

सासू : अगं बाई! म्हणजे तो आपल्या मागच्या दारी...

सून : हळू बोला.

सासू : पोलिसांत जाऊ या.

सून : आणि काय सांगू? माणसाने फ्रॉक शिवायला टाकला म्हणून? आणखी काय म्हणाला तो? नीट आठवा.

सासू : गोड बोलत होता गं. नात कितवीत, शाळा कुठली, सुटते कधी... मीही मेली कौतुकाने सगळं सांगत बसले.

सून : शाळा सांगितलीत?

सासू : मग विचारलं, सूनबाई येणार का निवडून? मी म्हटलं, छे हो! शिवणाचं मशीन चालवणारी बाई, ती कसली नगरसेवक होतेय! हौस आहे, फिटली की बसेल घरी.

सून : मग?

सासू : तो हसला नाही.

सून : हं.

सासू : एरवी सगळे हसतात. तुझे दीर हसतात, आत्ताच्या नगरसेवकाची माणसं तर तोंडावर हसली. हा नाही हसला. म्हणाला, आज दुपारपर्यंत नाव मागे घेता येतं, सांगा त्यांना. मला वाटलं, बिचारा काळजीने सांगतोय.

सून : मी जिंकेन असं मानणारा पहिला माणूस भेटला, तोही असा.

सासू : दुसरी मी. आता मलाही वाटतंय, तू येशील निवडून. म्हणूनच पाया पडते, माघार घे. ती खुर्ची गेली खड्ड्यात. आपल्याला एकच पोर आहे.

सून : मला का कळत नाही? पण आज बसले, तर बाईला बसवायला एक फ्रॉक पुरतो हे कळेल त्यांना. मग पुढच्या खेपेला जी उभी राहील, तिच्या दोरीवर हात घालतील.

सासू : मग करायचं काय?

सून : माहीत नाही. आधी पोरीला शाळेतून आणू. उठा.

(दुकानाचं दार ओढून घेते. कुलपात किल्ली जात नाही.)

सासू : दे इकडे, मी लावते. निवडणूक कचेरीवरून जायचं का? नाव मागे घ्यायला अजून वेळ आहे.

सून : नाही. बाजारातून, सरळ शाळेत.

सासू : बरं. मग बाजारातून हात जोडत चल.

सून : आत्ता? या अवस्थेत?

सासू : हो, आत्ताच. जोडलेले हात कापताना दिसत नाहीत.