हिराजीच्या शेतावरची इर्जिक

मंडळी, आरती व्हायच्या आधी आज एकच प्रश्न. कुणी आपलं वाईट करायला आलं तर काय करायचं, ते आपल्याला ठाऊक आहे. दार लावावं, कुत्रा सोडावा, फारच झालं तर देवाला हाक मारावी. पण कुणी आपलं भलं करायला आलं तर? तेही अकरा जण, बैलांसकट? शास्त्रं चाळली, तिथे काही सापडलं नाही. वडशेत गावात सापडलं. तिकडे चला.

वडशेतात हिराजी ठोंबरे राहायचा. एकराचं भाताचं खाचर, बायको चांगुणा आणि एक बैलजोडी, एवढा त्याचा संसार. एकदा तो शेतीच्या शिबिराला गेला. जेवण आहे म्हणून गेला, पण जेवणाला उशीर झाला आणि तोवर भाषण ऐकावं लागलं. माणसाचं आयुष्य असंच बदलतं, मंडळी.

भाषणात सांगितलं – नांगरू नका. एकदाच गादीवाफे करा, म्हणजे मातीचे उंच, सपाट पट्टे, आणि मग ते कधी मोडू नका. चिखलणी नाही, लावणी नाही. वाफ्यावर भाताचं बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, त्याच ओलीवर वाल पेरायचे, वालानंतर पुन्हा भात. मुळं आतल्या आत कुजतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या उरतात, गांडुळं येतात, आणि नांगरणी तीच करतात. खातातही बैलांपेक्षा कमी.

हिराजीने घरी येऊन बैल विकले.

चांगुणा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तीन पावसाळे देते. तिसऱ्याला कणगी भरली नाय, तर दारात बैल पायजेत. तवर मी बोलायची नाय."

आणि बोलली नाही. पहिल्या वर्षी भात कमी आणि तण मुबलक. ते तण उपटायचंही नाही बरं का, विळ्याने बुडाशी कापायचं, कारण माती हलता कामा नये. चांगुणा दिवसभर वाकून कापायची. गप्प बसलेल्या बायकोसमोर कधी शेती केली आहे का कुणी? जमिनीपेक्षा माणूस लवकर सुपीक होतो. दुसऱ्या वर्षी पीक जरा बरं आलं.

आता गावाला यातलं काय दिसत होतं? सगळे नांगर धरतात तेव्हा हा माणूस बांधावर उकिडवा बसतो. मधूनच माती उचलतो, हुंगतो आणि हसतो. गावाने निदान केलं.

हिराजीचा थोरला चुलतभाऊ जैतू. कुणाचं छप्पर गळलं तर मालकाच्या आधी शिडी लावणारा माणूस. तो म्हणाला, "बैल गेले, बोलायची लाज वाटते त्याला. आपण इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे ज्याला नांगरणी झेपत नाही, त्याचं शेत सगळ्या गावाने एका दिवसात नांगरून द्यायचं. मजुरी नाही, मालकाने मटणाचं जेवण घालायचं. नियम दोनच. इर्जिकीला नको म्हणायचं नाही. आणि एकदा पान वाढलं की जोत सुटलं – त्या दिवशी पुन्हा बैल जुंपायचा नाही.

तिसरा पावसाळा तोंडावर आला. वळवाच्या दोन सरींनी जमीन नरमली होती. हिराजी दोन दिवस लेकीच्या सासरी गेला, आणि जैतू चांगुणेकडे आला. "चांगुणे, उद्या इर्जिक घालतो." तिने विळ्याने सोललेले आपले हात पाहिले. नको म्हणायचं नाही हा नियम होता, आणि खरं सांगायचं तर तिला नको म्हणायचंही नव्हतं. तिने चुलीला लाकडं काढली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला हिराजी एसटीतून उतरला. एका शेतात अकरा जोतं चाललेली पाहून त्याला बरं वाटलं. कुणाचं तरी भलं चाललंय, तो मनाशी म्हणाला. मग बांधावरचा आंबा ओळखीचा वाटला, आणि तो पळत सुटला.

वीसपैकी सात वाफे मोडले होते.

"दादा, थांब. नांगरू नको."

"आधी पाणी पी. लाजतोस कशापायी? आपलीच मानसं हायत."

"लाजत नाय मी. मला नांगरायचंच नाय."

"म्हायतीय. म्हणून तर आलो."

आता याच्याशी भांडायचं कसं? हिराजी आठव्या वाफ्यात जैतूच्या बैलांपुढे आडवा झाला. बैल थांबले. त्यांना कळलं, मंडळी. माणसांना वाटलं, ऊन लागलं. चौघांनी त्याला उचलून आंब्याखाली नेलं, नाकाला कांदा लावला, आणि जैतू म्हणाला, "लवकर आटपा रं. याच्यानं काय होनार नाय." नांगरांचा वेग वाढला. हिराजी निसटून पुढच्या वाफ्यात आडवा झाला. पुन्हा आंबा, पुन्हा कांदा. तिसऱ्या वेळी एकजण प्रेमाने त्याच्या पायांवर बसला.

दहा वाफे गेले. तेवढ्यात माणसं किती ते मोजायला चांगुणा आली. नवरा आंब्याखाली, त्याच्यावर माणूस. तिने मोडलेल्या वाफ्यातलं एक ढेकूळ उचललं. आत जुन्या मुळांच्या नळ्या होत्या, आणि अर्धं गांडूळ. दोन वर्षं वाकून जी माती तिने जराही हलू दिली नव्हती, ती इथे उलटीपालटी पडली होती. ढेकूळ खाली ठेवून ती घरी गेली.

थोड्या वेळाने तीन बायका डोक्यावर टोप घेऊन आल्या. अकराव्या वाफ्यावर, नांगरांच्या अगदी समोर, चांगुणेने पत्रावळी मांडल्या आणि वाढायला लागली.

"चांगुणे, अजून दहा वाफे हायत," जैतू म्हणाला.

"पान वाढलंय, दादा."

"आत्ताशी बारा वाजलंत. भात शिजला का?"

"खाऊन सांगा."

भाताला नुसती वाफ लागली होती. मटणाला एक उकळी आली होती, तीही मन लावून नाही. पण नियम तो नियम. अकरा जणांनी बैल सोडले आणि चावायला सुरुवात केली. चारच्या सुमाराला जैतू एवढंच म्हणाला, "रस्सा बरा हाय."

अर्धं शेत वाचलं. उरलेल्या अर्ध्यात गावाने चिखलणी केली आणि स्वतःची उरलेली रोपं आणून लावली. भलं अर्धवट सोडायची वडशेतात पद्धत नाही.

मग आषाढात तीन दिवस पाऊस कोसळला. गावाच्या अर्ध्यातून चहासारखं पाणी ओढ्याला गेलं, सोबत बांधही. हिराजीच्या वाफ्यांत पाणी मुरलं. भादव्यात पावसाने अठरा दिवस दडी मारली. गावाच्या बाजूला भेगांत बोट जायला लागलं, हिराजीकडे माती ओलीच. जैतू रोज बघायला यायचा. आधी कीव करायला, मग नुसताच.

कापणी झाली. हिराजीच्या दहा वाफ्यांवर नऊ गोणी, गावाच्या बाजूला सहा. सगळं भात कणगीत ओतलं आणि हिराजीने वाकून पाहिलं. वीतभर जागा रिकामी होती.

"बैल बघतो," तो म्हणाला.

चांगुणेने कणगीवर झाकण ठेवलं. तीन पावसाळ्यांनी ती त्याच्याशी बोलली. "तुमची बाजू भरली. ती वीत गावाची हाय. वाल कधी टोकायचे ते सांगा."

जैतूने पुढच्या वर्षी आपल्या शेतात दोन गादीवाफे केले आणि ते नांगरले नाहीत. सवय जात नाही, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बांधावर बसायचा. म्हणे, उभ्या आयुष्यात इतकं दमायला झालं नव्हतं.

मंडळी, जमिनीच्या पोटात कुणीतरी आपल्या आधीपासून कामाला लागलेलं असतं. आपण फक्त त्याच्या मध्ये यायचं नसतं. सोपं वाटतं? करून बघू. आरतीला अजून दोन मिनिटं आहेत. कुणी काही सुधारायचं नाही, कुणाला मदत करायची नाही. नुसतं बसायचं.

हं. झालं अर्धं मिनिट.

पाटील, सतरंजी सोडा. ती वाकडीच बरी आहे.