लेकीचं संचलन आणि बापाचा सत्कार

...आणि वर नारळ! नाही, तुम्हीच सांगा, भालाफेकीच्या स्पर्धेत नारळाचं काय काम? फेकायचाय? नाही, द्यायचाय! ह्याने त्याला, त्याने ह्याला, आणि मैदानात पोरं उन्हात तळतायत! आमच्या मरोळच्या डेल्रॉयच्या कपाळावरची शीर नुसती टरारली होती. हा डेल्रॉय मूळचा जमैकाचा. वीसेक वर्षांपूर्वी आला, जॅकलिनशी लग्न केलं, इथलाच झाला. तुम्हाला सांगतो, मराठी अशी बोलतो की रिक्षावाले निमूट मीटर टाकतात! पण उद्घाटन म्हटलं की भडकलाच. "आमच्याकडे शिट्टी वाजते, पोरं पळतात, खेळ खल्लास. इथे पळणार कधी?"

तर अंधेरीला राष्ट्रीय मैदानी स्पर्धांचं उद्घाटन. त्याची लेक ऑलिव्ह पहिल्यांदाच महाराष्ट्राच्या संघात, आणि संचलनात झेंडा तिच्या हातात! तेवढं बघायला हा गडी लग्नातला सूट चढवून, टाय आवळून सकाळपासून बसलेला. "पोरगी झेंडा घेऊन समोरून गेली, की मी सुटलो!"

पण समोर काय? मंत्री उशिरा. मग समई. मंचावर हा एवढा पंखा, आणि बरोब्बर त्याच्यासमोर समई! काडी विझली की टाळ्या. दुसरी विझली... पुन्हा टाळ्या! पंखा बंद करा म्हणायची कुणाची छाती नाही, मंत्र्यांना उकडतंय ना! मग 'आरेचं जंगल' नावाचा नाच. त्यात बिबट्याच्या शेपटीवर झाडाचा पाय पडला, शेपूट तिथंच राहिलं, बिबट्या आपला उभा!

"बघ, बिबट्यासुद्धा पळत नाहीये," डेल्रॉय म्हणाला. "पळणार कधी?"

"गप रे, लोक बघतायत!" जॅकलिनने कोपर मारलं.

शेवटी लेकीचा फोटो तरी जवळून मिळावा म्हणून तो कठड्यापाशी गेला, आणि तिथंच वाट लागली! कुणी परदेशी निरीक्षक यायचे होते, ते आलेच नव्हते. मंचावर त्यांची खुर्ची रिकामी. छातीवर बिल्ला लावलेले संयोजक श्यामसुंदर घामाघूम होऊन पाहुणा शोधतायत, आणि समोर सूटबूट घातलेला सहा फुटी परदेशी! धरला की हात!

"अहो, सोडा! मी मरोळचा आहे!"

"वा! पाहुण्यांनी मराठीसुद्धा शिकून घेतली!"

"माझी पोरगी आहे तिकडे, संघात!"

"सगळी आपलीच लेकरं, सर! या, या!"

शाल पडली, नारळ आला, पुढ्यात माइक आला. नाही म्हणणार होता हो! पण डोक्यात विचार आला, झकास, आता माइक आपल्या हातात आहे. एकच वाक्य ठणकावायचं, 'पुरे झालं, पोरांना चालू द्या!'

आता तो काय बोलला, हे आम्हाला मागे कळलं असेल तर शपथ! भोंग्यातून नुसतं घूं घूं. पण थांबेचना! जॅकलिनने डबा उघडला, खाल्ला, बंद केला... घूं घूं चालूच! मंत्री घड्याळ बघतायत, त्यांना मुलुंडला दुसरं उद्घाटन! अखेर टाळ्या झाल्या आणि निवेदिका गोड आवाजात म्हणाली, "वेळेअभावी पहिल्या पाच राज्यांचंच संचलन होईल. उर्वरित संघांनी कृपया जागेवरूनच हात हलवावेत!"

महाराष्ट्राने हलवले.

ऑलिव्ह बाहेर आली ती झेंडा गुंडाळूनच. डोळे लाल. "काय रे पप्पा? तुला भाषणच करायचं होतं?"

"अगं, मी भाषण केलंच नाही!"

"मग एवढा वेळ माइकवर काय करत होतास?"

डेल्रॉयने खांद्यावरची शाल सारखी केली, मान खाली घातली. "सुरुवात करत होतो गं... व्यासपीठावर माणसं किती होती! सगळ्यांची नावं घ्यायला नकोत? एखादं राहिलं, तर वाईट वाटतं माणसाला."