आईच्या नावाचा डबा

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या गावच्या स्टेशनात सकाळी सोलापूरला जाणारी एकच पॅसेंजर थांबते, आणि तिथं मामाच्या टपरीवर मी नववी सोडल्यापासून चहा करतो. गावातली भाग्यश्री रोज त्या गाडीनं साड्यांच्या दुकानात कामाला जायची. दोन वर्षांत मी तिच्याशी "साखर कमी का?" याच्यापुढं कधी बोललो नाही.

संक्रांतीला मी ठरवलं, फलाटावर सगळ्यांना तिळगूळ वाटायचा, म्हणजे तिला दिला तरी कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. पण पाया पडायला वाकलो की प्रत्येक म्हातारा मला धरून ठेवायचा. "लग्न कवा करतोस रं?" तेवढ्यात गाडी आली.

पळत गेलो तेव्हा ती गाडीच्या दारात उभी होती. तिळगुळाचा, आईचं नाव कोरलेला अख्खा स्टीलचा डबाच मी तिच्या हातात दिला.

"सगळा मला व्हय?" ती हसायला लागली. "आन् डबा कवा आणून देऊ?"

"द्या की कवाबी," मी म्हणालो, आणि गाडी हलली.

ती तिची शेवटची फेरी होती, हे मला नंतर कळलं. तिचा भाऊ अकलूजला नोकरीला लागला, म्हणून सगळं घरच तिकडं गेलं. याला वर्ष झालं. मामा अजून चिडवतो, "पोरगी डबा घेऊन गेली की रं!"

आई मात्र माझ्याकडं न बघता म्हणते, "आपल्यात रिकामा डबा कुणी माघारी देत न्हाय. भरायला येळ लागत आसंल."