कोनाला उलटी प्रदक्षिणा

...आणि वरून मलाच म्हणतात, आजी, चूक तुमची! माझी? अहो, एक कोन पाडला नाही मी, एक! ते केशरी टोप्यांसारखे प्लास्टिकचे कोन मैदानभर मांडून ठेवतात, त्यांच्यामधून गाडी नागमोडी पळवायची, धक्का लागला की पाच सेकंदांचा दंड... आमच्या नातीचा, मैत्रेयीचा, हा शौक. त्यापायी माझी म्हातारी मारुती सोलून काढली पोरीनं! मागची सीट गायब, हँडब्रेक हातभर लांब, आवाज असा की आमच्या कांचघर मोहल्ल्यात सुरू केली तर तिकडं दूर मझौली गावच्या म्हशी पान्हा चोरतील! पण पळते बरं. खोटं काहून बोलू?

तर अंबरीश, माझा मुलगा, बँकेतला साहेब, तो म्हणतो, "आई, वय झालं आता, किल्ली दे." किल्ली! तुम्हाला सांगते, याचा बाप फॅक्टरीत तोफा बनवायचा आणि स्टेअरिंगला घाबरायचा. मी क्वार्टरमागे तुळस सोडून सगळ्या कुंड्या मांडल्या आणि त्यांच्यामधून एकटीनं गाडी शिकली. म्हटलं, "टाक माझं नाव त्या कोनांच्या शर्यतीत, महिला गटात. बिनचूक पार केलं तर किल्ली माझी, नाही तर तुझी." फिदीफिदी हसला. हसला ना, तिथंच माझं डोकं फिरलं!

बसली मी. हेल्मेटमध्ये अंबाडा मावेना, सोडला अंबाडा! आणि सुटली... डावं, उजवं, डावं, हँडब्रेक खेचला, गाडी जागच्या जागी गर्रकन! लोक शिट्ट्या मारून राहिले, "दादी! दादी!" अंबरीशचं तोंड उघडं ते उघडंच. एक कोन पाडला नाही, एक! शेवटच्या कोनाला पूर्ण फेरी घालून बाहेर पडायचं होतं. घातली. झकास घातली. तर भोंग्यावरचा तो भैया ओरडतो, "माताजी, राँग कोर्स! आप बाहर!"

काहून बाहर? म्हणे, तो कोन डाव्या हाताला ठेवून फिरायचं होतं, तुम्ही उजव्या हाताला ठेवला!

मग? मैत्रेयीनं बजावलं होतं, नाही कशाला म्हणू. पण हात वळलाच नाही हो! मैयाची परिक्रमा पायी केलेली बाई मी, नर्मदा सदा उजव्या हाताला. देवळात देव उजव्या हाताला. चौकातल्या पुतळ्याला वळसा घालता तेव्हा पुतळा कोणत्या हाताला असतो, सांगा ना! आणि ड्रायव्हर बसतो कुठं? उजवीकडं! मग कोन त्याला कोणत्या खिडकीतून दिसेल? सगळं विचारलं भैयाला. म्हणतो, "माताजी, ये मंदिर नहीं है।" म्हटलं, "अच्छा? तो सुबह नारियल काहे फोड़ा, बेटा?"

पण निकाल काही बदलला नाही. एक कोन पाडला नाही, एक, तरी किल्ली गेली अंबरीशच्या खिशात.

परवा अमावास्या. म्हणाला, "चल आई, मैयाच्या दर्शनाला ग्वारीघाटला मी नेतो." नेलं. घाटावर गाडी मागं घेऊन राहिला होता, तर धाड! फुलवालीची टोपली थोडक्यात वाचली, पोलिसांनी ठेवलेला कोन मात्र आडवा. तोच, केशरी! बघून राहिला माझ्याकडे. मी कशाला बोलू? किल्ली त्याची, गाडी त्याची, राज्य त्याचं... आपलं काम आता शेजारी गुमान बसायचं.

काच तेवढी खाली केली आणि म्हटलं, "पाच सेकंद."