चाकं लावलेल्या टेबलाखाली

नाही, पण घाबरतो कोण? तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर वर्षं झाली, भीती ही काय चीज असते ते या माणसाला ठाऊक नाही. जमीन हलली, भिंती हलल्या, कपबशा नाचल्या, पण हा गडी जागचा हलला नाही, खोटं असेल तर मिशी उतरवतो… आता जागचा हललो नाही म्हणजे टेबलाखालून हललो नाही. आणि टेबलाखाली सगळ्यात आधी शिरलो तोही मीच. आणि खरं सांगायचं तर टेबलच हललं, त्यामुळे तसा मीही हललोच. पण ते नंतर. आधी मला सुनेबद्दल बोलू द्या, सगळ्या भानगडीचं मूळ ती आहे.

सून शाळेत शिकवते. दिवसभर साठ पोरांना शिकवून माणसानं दमावं की नाही? ही घरी येऊन सासऱ्याला शिकवते. त्यांच्या शाळेत कुणी साहेब आला आणि भूकंप आला तर इमारतीत कसं वागायचं ते सांगून गेला. झालं! त्या संध्याकाळपासून आमच्या घरात शिट्टी आली. शिट्टी वाजली की हातातलं टाकायचं, खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, एका हाताने डोकं झाकायचं, दुसऱ्या हाताने पाय धरायचा. ‘बाहेर पळायचं नाही बाबा, जिन्यात जायचं नाही, लिफ्टचं तर नाव काढायचं नाही, काचेपासून लांब, आणि हादरे थांबेपर्यंत पाय सोडायचा नाही.’ म्हटलं, बरं. शिट्टी वाजली तसा खाली बसलो आणि बायकोचे पाय धरले. सून म्हणाली, ‘बाबा, टेबलाचा.’ बायको म्हणाली, ‘राहू दे गं, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच धरलेत.’

आता टेबल म्हणजे तुमचं ते चार ताटं मांडली की डुगडुगणारं टेबल नव्हे. मी शिंपी. तिसऱ्या मजल्यावर घर, पुढची खोली म्हणजे दुकान, आणि दुकानाच्या मधोमध कापड बेतायचं टेबल. सागवानी! वर आणलं तेव्हा चार हमाल लागले, त्यातले दोघे आठवडाभर वाकूनच चालत होते. इतकं जड की बायकोला खालून केर काढता येईना. रोज तेच, ‘अहो, याच्याखालचे दोरे काढायचे कुणी?’ शेवटी मी डोकं चालवलं. चौथी नापास आहे, पण डोकं इंजिनियरचं. चारी पायांना लोखंडी चाकं बसवली. एका बोटाने ढकला, टेबल सुळ्ळकन भिंतीपर्यंत.

सुनेने ती चाकं बघितली आणि कपाळाला हात लावला. ‘बाबा, भूकंपात हे टेबल तुमच्या आधी पळेल. चाकं काढा, नाहीतर निदान पाचरी तरी ठोका.’ आणि रिळांचं कपाट, ते माझ्यापेक्षा दीड हात उंच, ते म्हणे पट्ट्या मारून भिंतीला आवळा. आवळलं. मी स्वतः आवळलं, खोटं असेल तर मिशी उतरवतो. पाचरींचं मात्र… आठवड्याने सुनेने विचारलं, ‘बाबा, पाचरी लावल्या?’ म्हटलं, ‘लावल्या.’ बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘नाही लावल्या.’

मला सांगा, हिला कळतं कसं? अख्खी गल्ली मी फसवली आहे. तलाठी फसवले, डॉक्टर फसवले, एकदा तर खुद्द व्याह्यांना त्यांचीच टोपी विकली. पण ही? एकदासुद्धा नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, ‘मला वांगं आवडतं.’ म्हणाली, ‘खोटं.’ तेव्हापासून जे सुरू आहे ते आजतागायत.

बरं, पाचरी का लावल्या नाहीत, तर त्या चाकांचा मला एक उपयोग सापडला होता. गिऱ्हाईक आलं, मापाला उभं राहिलं, की मी स्टुलावर बसल्या बसल्या टेबलाला हळूच पाय लावायचा. टेबल गडगडायचं, वरच्या कात्र्या खणखणायच्या, आणि मी बोंब मारायची, ‘अहो भूकंप, खाली शिरा!’ कोपऱ्यावरचा तो चष्मेवाला, लोकांना डोळे देणारा माणूस, दोनदा फसला! दुसऱ्यांदा तर पाच मिनिटं टेबलाचा पाय कवटाळून बसला होता. मी वर बसून चहा प्यायलो आणि एक कप खाली सरकवला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही वेळा बायको खिडकीपाशी बटणं लावत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पुढचं बटण घेतलं. बस.

तर तो दिवस. सकाळचे अकरा. सून शाळेत. चष्मेवाला पॅंटच्या ट्रायलला आलेला, पॅंट नुसत्या कच्च्या टाक्यावर, मी आधीच बजावलं होतं, ‘जास्त हलू नका, उसवेल.’ बायको खिडकीपाशी, उजेडात सुई ओवत. आणि मी स्टुलावर. खिळ्याला टांगलेली मोठी कात्री डुलायला लागली. म्हटलं, वारा असेल. मग टेबल सरकलं. चष्मेवाला हसला. मीही हसलो. मग मी खाली बघितलं… माझे दोन्ही पाय स्टुलाच्या आडव्या पट्टीवर. मग टेबल ढकललं कुणी?

पुढचं मला आठवत नाही, एकदम टेबलाखालचंच आठवतं. खालून ओरडलो, ‘भूकंप! अहो खाली या!’ चष्मेवाला टाळ्या वाजवतोय! ‘वा मास्तर! आज दोऱ्याने ओढलंत वाटतं?’ आणि वाकून दोरा शोधतोय. बायको म्हणाली, ‘बटणं आज द्यायची आहेत, खेळ आवरा.’ तेही पाठमोरी. खिडकीच्या तावदानाला अगदी टेकून उभी, आणि ते तावदान असं वाजतंय जसे थंडीत दात वाजतात.

आता माझी पंचाईत बघा. ‘अगं, खरंच!’ म्हणावं, तर दर वेळी मी ‘खरंच’च म्हणालो होतो. ‘तुझी शपथ’ म्हणावं, तर तीही घेऊन झाली होती. जन्मभर थापा मारल्या त्या ह्याच शब्दांत, खऱ्यासाठी वेगळे शब्द आणू कुठून? शिलकीत एक ठेवला नव्हता हो. कासवासारखी मान बाहेर काढली आणि नुसती हाक मारली, ‘अगं…’ पुढं काही सुचेना. ती वळली. माझ्या तोंडाकडे बघितलं. एक क्षण. सुई रिळात खोचली आणि आली. कशी? तर शिट्टी वाजल्यासारखी. बसली, शिरली, डोकं झाकलं, पाय धरला. आणि तिच्यामागे ते अख्खं तावदान आत आलं, ती उभी होती नेमकं तिथं.

ते बघितल्यावर चष्मेवाल्याची टाळी अर्ध्यावर राहिली. तो सुटला दाराकडे, जिन्याकडे. मी ओरडलो, ‘जिन्यात नको!’ तो कुठला ऐकतोय? मी हात लांबवला, हाताला लागली पॅंट, ओढली… आणि कच्चा टाका तो कच्चा टाकाच. टर्रर्र. पॅंट माझ्या हातात, चष्मेवाला दारात. त्याने खाली बघितलं. पुढं जावं तर अब्रू जाते, मागं यावं तर जीव जातो असं त्याला वाटलं असणार, पण माणूस खानदानी, अब्रू निवडली. परत आला आणि आमच्यात घुसला. आणि दोन श्वास झाले नसतील, जिन्यातल्या काचा वरच्या मजल्यापासून कडकड खाली आल्या. माझ्या हातचा पक्का टाका असता तर तो माणूस आज नसता. मी शिलाईत कधी कुचराई करत नाही, खोटं असेल तर मिशी उतरवतो, पण त्या दिवशी देवाने कच्चा टाका घालायची बुद्धी दिली.

आणि मग टेबल निघालं. सून म्हणाली होती ना, तुमच्या आधी पळेल? ते पळालं. पण पाय सोडायचा नाही हा नियम! म्हणून आम्ही तिघं तीन पाय धरून गुडघ्यांवर त्याच्यामागे. डोकं झाकलेलं, ढुंगण वर, अशी आमची आगगाडी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, चौकटीला धडकली, परत फिरली. दोनदा त्या रिळांच्या कपाटाच्या नाकाखालून गेलो. कपाट करकरलं, पण पट्ट्यांनी धरून ठेवलं. आणि अशा त्या प्रलयात, अंगावर खडू पडतायत, रिळं पडतायत, चष्मेवाला मुलाबाळांची नावं घेतोय, बायको मला काय विचारते? ‘पाचरी लावल्या होत्या ना?’ म्हटलं, ‘लावल्या होत्या.’ खडूची पूड झटकत, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘नाही लावल्या.’

थांबलं एकदाचं. चपला घातल्या, सगळीकडे काचा. चष्मेवाल्याला कुणाच्या तरी कोटाचं कापड गुंडाळलं आणि जिन्यावरून सावकाश, एकेक पायरी बघत खाली उतरलो. सून शाळेतून धावत आली, साठ पोरं धडधाकट घरी पोचवून. तिने आम्हाला मोजलं, दोनदा. मग वर येऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेलं टेबल बघितलं. वाकून चाकं बघितली आणि हातोडी आणून माझ्या हातात ठेवली. त्याच दिवशी पाचरी ठोकल्या. आठ. खोटं असेल तर… असू द्या.

पण मला चैन पडेना. चार दिवसांनी चहा पिताना बायकोला विचारलंच, ‘अगं, मी शंभरदा फसवायला गेलो, एकदा फसली नाहीस. आणि खऱ्या वेळी नुसतं तोंडाकडे बघून आलीस. तुला कळतं कसं?’

म्हणाली, ‘तुमची मिशी. थाप मारताना डाव्या बाजूला थरथरते. त्या दिवशी सगळं घर थरथरत होतं, ती तेवढी गप्प होती.’

पन्नास वर्षं! आणि मी गावभर ज्याला त्याला ही मिशीच तारण देत हिंडतोय. उठलो, खिळ्यावरची कात्री काढली, म्हटलं, ‘थांब, आज उतरवूनच टाकतो.’

तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

‘उतरवा की. पुढच्या वेळी तुम्ही खालून हाक मारा, मी आपली खिडकीपाशीच उभी राहते.’