दोन सारखी दारं

नाही, तिथे टेकू नकोस — ती भिंत नाही, रंगवलेलं कापड आहे, मागे नुसत्या पट्ट्या ठोकल्यात. इकडे बाकावर बस, हा खरा आहे, मीच केलाय. बोलावतील तेव्हा जा, दिवेवाल्यांचं अजून चाललंय. नुसत्या टॉवेलवर गारठशील, हे पांघरूण घे — घे रे, खांदा गरम असलेला बरा. दाराला कुठला खांदा मारणार तू? उजवा. हं. उजवा.

मला या सिनेमाची भाषा येत नाही. तेलुगूतले तीसेक सिनेमे झाले असतील माझ्या हातून, पण कानाला एक शब्द चिकटला नाही. गोष्ट मात्र कळते — कशावरून? दारांवरून. आता बघ, एक सासरा, तीन जावई, एकच घर. थोरला दार हळू लावतो, म्हणजे बायकोला भितो. मधला आपटतो, म्हणजे सासऱ्याला भितो आणि दाखवत नाही. धाकटा, ज्याच्या बदली तू दार फोडून पडणार, त्याला दार वाजवून आत यायची सवयच नाही, म्हणून सगळा घोळ. सासऱ्याने त्याला न्हाणीघरात कोंडलंय, बाहेर पाहुणे बसलेत, आत उंदीर निघालाय — आणि हा दारासकट पाहुण्यांच्या पुढ्यात. काल तालमीला कॅमेरावाला तोंडावर हात धरून हसत होता. मीही हसलो. सगळे हसले की हसायचं, त्यात काय.

किती पावलं धावणार आहेस? सहा. सहा म्हणजे बराच जोर येतो.

दार फुटतं कसं, ते सांगू? सांगतो, तुला माहीत असलेलं बरं. दारं दोन असतात. एक खरं, दोन बोटं जाड — दिवसभर आपटायला. दुसरं फुटकं — चौकट खऱ्याएवढीच जाड, पण आत पातळ फळ्या, त्या मागून करवतीने जवळजवळ आरपार चिरायच्या, चिरांत लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरायची, बिजागरीत खिळ्याऐवजी काडी. पण हलकं दार हलकं वाजतं, बघणाऱ्याला डोळे मिटूनसुद्धा कळतं. म्हणून मी फुटक्याच्या तळाला, लाकडाच्या आत, लोखंडी पट्टी बसवतो. उचलायला दोन्ही सारखी, वाजायलाही सारखी. असं करणारा मी एकटाच, दुसरे कोणी एवढं करत नाहीत — फुशारकी नाही मारत, आहे ते सांगतो.

मग ओळखायची कशी? बरोबर विचारलंस. लिहिता-वाचता येत नाही मला, तेव्हा मी फुटक्याच्या वरच्या कडेला पटाशीने खाच मारून ठेवतो. आणि मागची बाजू कोरी असते, चिरा दिसतातच. पण यावेळी दिग्दर्शक साहेबांना दार दोन्ही बाजूंनी दाखवायचं होतं. रंगारी नवीन. कामाचा चोख माणूस, दोष नाही त्याचा — मागची बाजू रंगवली, आणि वर खाच दिसली ती खराबी समजून लांबी भरून घासून टाकली. बिजागऱ्यांवरही रंग फिरवला. सकाळी आलो तर दोन जुळी भावंडं भिंतीला उभी. एक मी लावलं. दुसरं ते बघ, त्या शिडीपलीकडे.

असा बघू नकोस माझ्याकडे. लावताना मी हात फिरवला होता. लांबी सुकली की जराशी आत बसते, वरून रंग असला तरी रेघ हाताला लागते. चाळीस वर्षं मी रेघ हातानेच बघतोय. फिरवला हात, लागली रेघ. लागली असं वाटलं. मग चहा प्यायलो, परत फिरवला — तर नाही. परत लागली. टकटक करून पाहिलं, तर एकदा पोकळ वाजतं, एकदा भरीव. आता धक्का मारून बघावं म्हणशील, तर फुटकं दार एकच आहे, फुटलं की आजचं काम बुडालं. आणि इतकी वर्षं ज्याने कधी दाराला धक्का मारून पाहिला नाही, तो आज का मारतोय, हे नाही का विचारणार कोणी?

हे बोट बघ. गेल्या आठवड्यात रंधा लागला. मला कळलं कधी? फळीवर लाल दिसलं तेव्हा. सदऱ्याची बटणं घरी बायको लावते, गेल्या थंडीपासून. ती म्हणते, कामावर सांगून टाका. मी म्हणतो, बोटं झोपलीत, उठतील. ती बटणं लावते. घरी बसून मी काय करू? तिथली सगळी दारं नीट आहेत.

तुझ्या घरी कोण आहे? असू दे, नको सांगू.

ऐक. दिवे झालेले दिसतायत. तू एक कर — पांघरूण राहू दे अंगावर, कोणाचं लक्ष जाणार नाही. दारापाशी जा, आतल्या बाजूने. मी आहे मागे. मधली फळी, छातीच्या उंचीला. नखाने नको, बोटाच्या पोटाने, डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश. लोणी लावल्यासारखं. लागतंय काही? केसाएवढी रेघ असेल. घाई करू नकोस. जरा खाली. आणखी खाली. आता वरच्या फळीवर.

परत एकदा.

बरं. आता त्या शिडीपलीकडच्यावर.

लगेच लागली, नाही? तीनही फळ्यांवर. म्हणजे फुटकं ते, आणि मी लावलंय ते खरं. मला दिसलं तुझ्या तोंडावर.

नाही, तू नको ओरडून बोलावू साहेबांना. रंगाऱ्याचं नावही काढू नकोस, तो गप्प बसून ऐकून घेईल. खाली बस. माझं काम आहे ते, मी सांगतो साहेबांना — दाराचंही सांगतो, बोटांचंही. तू फक्त पाय बाजूला घे, मला जाऊ दे.